सिझर करायचं की नाही, हा तिसरा प्रश्न

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका २९ वर्षांच्या, तालुक्याच्या गावी राहतात. पहिलंच बाळंतपण, ३० आठवडे पूर्ण. सव्विसाव्या आठवड्यापासून बीपी वाढलंय, गोळ्या सुरू आहेत. परवाच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन दिवसांच्या मानाने कमी आलं, बाळ पायाळू आहे, आणि डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह बघण्याची सोनोग्राफी) नाळेतला रक्तप्रवाह कमी झालेला दिसतो. थांबलेला मात्र नाही. डॉक्टर म्हणाले, ‘जमेल तितके दिवस ओढू, पण सिझर लवकर करावं लागेल अशी तयारी ठेवा, आणि बाळंतपण मोठ्या ठिकाणी करा.’ घरात तीन मतं आहेत. आई म्हणते, आठव्यातलं मूल जगत नाही, सातवा संपायच्या आत सोडवून घ्या. नवरा म्हणतो, सिझर हा धंदा झालाय, नॉर्मल करणारे दुसरे डॉक्टर शोधू. पत्रलेखिकेला स्वतःला वाटतं, एवढ्याशा जिवाला कळांचा मार कशाला? माहेरी ओळखीचं नर्सिंग होम आहे, तिथे तारीख ठरवून अलगद काढून घ्यावं. त्या विचारतात, ‘मी सिझरचा हट्ट धरू का? आणि एकदा सिझर झालं की पुढच्या वेळी नॉर्मलची आशा संपते का?’

*

हे वाचताना तुमचं डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, किंवा बाळाची हालचाल कालच्यापेक्षा मंदावली असेल, तर वाचणं इथेच थांबवा आणि दवाखाना गाठा. पुढच्या तपासणीची तारीख आठवड्याने आहे म्हणून थांबू नका. घरी बीपीचं मशीन असेल आणि वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० दाखवत असेल, तरीही हेच.

तसं काही नसेल, तर आता निवांत बोलू.

तुमच्या घरातली तीन मतं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण तिघांचंही लक्ष एकाच गोष्टीवर आहे: बाळ बाहेर कोणत्या वाटेने येणार. माझ्या मते तुमच्या बाबतीत हा तिसरा प्रश्न आहे. त्याआधी दोन आहेत, कधी आणि कुठे. या दोहोंची उत्तरं नीट मिळाली तर तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप समोर येतं. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी ‘सिझरच’ किंवा ‘नॉर्मलच’ असं ठरवून मग तसं करून देणारा डॉक्टर शोधलात, तर पहिल्या दोन प्रश्नांत चूक होण्याचा धोका मोठा, आणि ती चूक बाळाला जास्त महागात पडते.

आधी ‘कधी’. बाळ लवकर काढावं लागेल असं डॉक्टर का म्हणतात? पत्रावरून दिसतं ते असं: वार नीट काम करत नाहीये. त्यामुळे बाळाला कमी पुरवठा होतोय, म्हणून वजन कमी. आणि बीपीची मुळंही बहुधा त्याच वारेत आहेत. गोळ्यांनी बीपी आटोक्यात राहतं, पण वारेतला बिघाड दुरुस्त करणारं औषध नाही. म्हणून डॉक्टर दोन घड्याळं बघत बसलेत. एका बाजूला आत राहिलेल्या प्रत्येक आठवड्याने बाळाची फुप्फुसं, मेंदू, आतडी पक्की होतात. दुसऱ्या बाजूला पुरवठा इतका घटण्याची भीती की आत राहणंच घातक ठरावं, किंवा तुमच्याच जिवावर बेतावं.

या ओढाताणीत डॉक्टर साधारण कशाचा आधार घेतात हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. डॉप्लरमध्ये नाळेतला प्रवाह नुसता कमी असेल आणि बाकी सारं ठीक असेल, तर ३७ आठवड्यांपर्यंतही थांबता येतं. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रवाह पूर्ण थांबू लागला, तर ३३-३४ आठवड्यांच्या आसपास बाळंतपण करतात. तो उलटा वाहू लागला तर ३०-३२. बीपीचा आजार तीव्र झाला तर ३४ आठवड्यांपुढे थांबत नाहीत, आणि आईला झटके, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) घसरणं, लिव्हरवर परिणाम असं काही दिसलं तर आठवडे मोजत बसत नाहीत. तुमचा प्रवाह ‘कमी, पण थांबलेला नाही’ असा आहे. म्हणजे आजच्या रिपोर्टवर आजच सिझर करून घेण्याचं कारण मला दिसत नाही. पण हे चित्र दोन-चार दिवसांत बदलू शकतं, म्हणून तपासण्या लागोपाठ होणार. त्यांना कंटाळू नका.

तुमच्या आईंना काय सांगायचं? ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. (आपल्याकडेच नाही, प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही आठव्या महिन्यातल्या मुलाबद्दल हेच लिहिलेलं सापडतं. चुकीच्या समजुतीही लांबचा प्रवास करतात.) खरं अगदी उलटं आहे. एरवी सगळं सारखं असेल तर ३४ आठवड्यांचं बाळ ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा जगण्याची, आणि धडधाकट जगण्याची, शक्यता कितीतरी जास्त. कॅलेंडर बघून सातवा संपायच्या आत बाळ काढणं म्हणजे त्याचे हक्काचे दिवस आपल्या हाताने कापणं. आईंशी वाद घालू नका. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.

‘कधी’शी जोडलेली एक गोष्ट सिझर-नॉर्मलच्या सगळ्या वादापेक्षा मोलाची आहे: बाळाची फुप्फुसं पक्की करणारं इंजेक्शन. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स हे मेंढ्यांवर प्रयोग करत होते. दिवस भरण्याआधी जन्मलेली जी कोकरं श्वास घेऊ शकायला नको होती, ती स्टेरॉइड दिल्यावर श्वास घेताना त्यांना दिसली. त्यांनी रॉस होवी यांच्यासोबत गरोदर स्त्रियांवर केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर हे औषध जगभर गेलं, तरी ‘आपल्यासारख्या देशांत चालेल का’ ही शंका उरलीच होती. २०२० मध्ये भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या मोठ्या अभ्यासाने ती मिटवली: स्टेरॉइड दिलेल्या आयांच्या बाळांचे मृत्यू कमी झाले. डेक्सामेथासोन स्वस्त आहे, १२-१२ तासांनी चार डोस. बीटामेथासोन असेल तर २४ तासांच्या अंतराने दोन. २०१४ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार, अकाली कळा सुरू झालेल्या बाईला पुढे पाठवण्याआधी गावची नर्सताईसुद्धा पहिला डोस देऊ शकते.

मात्र त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो बाळंतपण पहिल्या डोसनंतर साधारण एक दिवस ते सात दिवसांत झालं तर. म्हणून ‘आजच टोचून ठेवा’ असाही हट्ट नको. डॉक्टरांना विचारायचं ते हे: ‘इंजेक्शनची वेळ तुम्ही कशावरून ठरवणार?’ आणि बाळंतपण ३२ आठवड्यांच्या आत होणार असं दिसलं तर मॅग्नेशियम सल्फेटबद्दलही विचारा. ते बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी देतात, आणि तुमच्यासारख्या बीपीच्या पेशंटला झटके येऊ नयेत म्हणूनही. अंग गरम होतं, मळमळतं, घाबरू नका.

आता ‘कुठे’. इथे मी जरा स्पष्ट बोलते. माहेरचं नर्सिंग होम कितीही ओळखीचं असो, तिथे एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) नसेल तर हे बाळंतपण तिथे नको. दिवस भरलेल्या, सगळं सुरळीत असलेल्या बाळंतपणासाठी ओळखीची माणसं, आईच्या हातचं जेवण हे सगळं मोलाचं असतं. तुमच्या बाळाला मात्र जन्मल्याच्या पहिल्या मिनिटापासून श्वासाला आधार देणारी माणसं आणि यंत्रं लागतील: सीपॅप (नाकातून सतत हवेचा दाब देणारं यंत्र), कदाचित फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून त्यांत सोडायचं सर्फॅक्टंट हे औषध, कदाचित व्हेंटिलेटर. ऑपरेशन पाऊण तासात उरकेल. पुढचे कित्येक आठवडे बाळाचे डॉक्टर आणि एनआयसीयूतल्या सिस्टर यांचं काम आहे. जन्मल्यावर बाळाला काचेच्या पेटीत घालून शंभर किलोमीटर नेण्यापेक्षा, ते पोटात असतानाच तुम्ही जाणं केव्हाही सुरक्षित.

तेव्हा हॉस्पिटल निवडताना ‘सिझर चांगलं करतात का’ याआधी विचारा: ३० आठवड्यांच्या बाळांना इथे वाचवलं जातं का? रात्री दोन वाजता बाळाचे डॉक्टर हजर असतात की फोन करून बोलवावे लागतात? ऐनवेळी पेट्या भरलेल्या असतील तर कुठे पाठवता? बिलाची काळजी असेल, आणि ती बहुतेकांना असतेच, तर सरकारी मेडिकल कॉलेजचा एनआयसीयू आधी पाहून या. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात सिझरसकट बाळंतपण आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. खासगीत जात असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल आहे का, आणि बाळाचे उपचार त्यात बसतात का, हे भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा.

हे दोन प्रश्न मार्गी लागले, की मग सिझर.

तुमची समजूत अशी की सिझरमध्ये बाळ अलगद बाहेर येतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या बाबतीतही हे अर्धंच खरं आहे, आणि तीस आठवड्यांच्या बाळाच्या बाबतीत तर आणखी कमी. गर्भपिशवी लहान, तिची भिंत जाड, बाळ पायाळू, आणि पाणी कमी असेल तर पिशवीने त्याला घट्ट धरलेलं. छेद पुरेसा मोठा नसेल तर सिझरमध्येही डोकं अडकतं, ओढाताण होते. ‘नुसतं दिवस भरले नाहीत’ एवढ्याच कारणावर सिझर केल्याने बाळांचं भलं होतं का, यावर नीट चिठ्ठ्या टाकून (म्हणजे कुणाचं सिझर आणि कुणाचं नॉर्मल हे चिठ्ठीने ठरवून) केलेले अभ्यास इतके तोकडे आहेत की विश्वास बसू नये. कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये ते एकत्र केले, तेव्हा चार अभ्यास मिळून ११६ बायका निघाल्या. पुरेशा बायका सहभागी होईनात म्हणून चारही अभ्यास अर्ध्यावर सोडलेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्टच म्हटलं की केवळ बाळ अकाली आहे म्हणून सरसकट सिझर करू नये, बाळ डोक्याकडून असो की पायाळू.

मग तुमचे डॉक्टर चुकताहेत का? नाही. ‘सरसकट’ या शब्दाकडे लक्ष द्या. तुमच्याकडे बाळ अकाली असण्यापलीकडची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे वार. प्रत्येक कळेसोबत वारेकडे जाणारा रक्तपुरवठा काही क्षण घटतो. सुदृढ बाळ ते सहज निभावतं. आधीच अर्धपोटी असलेल्या बाळाचे ठोके मात्र कळांमध्ये कोसळू शकतात, आणि नाळेतला प्रवाह थांबला किंवा उलटा झाला तर बहुतेक डॉक्टर कळांची वाट न पाहता सिझरच करतात. दुसरं, बाळ पायाळू आहे. इतक्या लहान बाळाचं डोकं धडापेक्षा बरंच मोठं असतं. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडण्याआधी धड निसटतं आणि डोकं मागे अडकतं. हे ज्याने एकदा पाहिलंय तो जन्मभर विसरत नाही. म्हणून अभ्यासांचा आधार कच्चा असूनही पायाळू अकाली बाळासाठी अनेक अनुभवी डॉक्टर सिझरकडे झुकतात, आणि मी त्यांच्याच बाजूची आहे. पण ३० आठवड्यांना बाळं अजून फिरतात. तुमचं डोक्यावर आलं, डॉप्लर टिकून राहिला, आणि कळा आपण होऊन आल्या, तर सतत ठोक्यांवर लक्ष ठेवून नॉर्मलचा विचार होऊ शकतो. ते दार आत्ताच बंद करायला नको.

तुमच्या यजमानांचा संशय मी हसण्यावारी नेत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसली, सरकारीत १४.३ टक्के. एवढी तफावत नुसत्या गुंतागुंतीने येत नाही. पण जिथे संशय घ्यायचा ती केस वेगळी: दिवस भरलेले, बीपी ठीक, बाळ डोक्याकडून, आणि तरी शनिवारची तारीख दिलेली. तुमचे डॉक्टर उलट ‘दिवस ओढू’ म्हणताहेत आणि स्वतःच्या हातची केस मोठ्या हॉस्पिटलकडे पाठवताहेत. धंदा करणारा असं करत नाही. दुसरं मत जरूर घ्या, हक्काने घ्या, फक्त ते एनआयसीयू असलेल्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचं घ्या, आणि या आठवड्यातच. शिवाय यजमानांना एवढं सांगा की ३४ आठवड्यांच्या आत व्हॅक्यूम (बाळाच्या डोक्याला लावून त्याला बाहेर ओढायचं साधन) लावत नाहीत, म्हणजे नॉर्मलमध्ये ऐनवेळी अडलं तर मदतीची साधनंही कमी असतात.

आता त्या गोष्टीकडे येते जी तुम्हाला बहुधा कुणी सांगितलेली नसेल, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे.

सगळी सिझर सारखी नसतात. दिवस भरत येतात तसा पिशवीचा खालचा भाग ताणून पापुद्र्यासारखा पातळ होतो. नेहमीच्या सिझरमध्ये तिथे आडवा छेद घेतात. रक्त कमी जातं, व्रण चांगला भरतो, पुढच्या वेळी कळा सोसू शकतो. तीस आठवड्यांना, त्यातही कळा सुरू झालेल्या नसताना, हा भाग नीट तयारच झालेला नसतो. बऱ्याचदा तरीही आडव्या छेदाने भागतं. कधी तो वर वाढवावा लागतो. आणि कधी, विशेषतः २८ आठवड्यांच्या आत किंवा बाळ आडवं असताना, पिशवीच्या वरच्या जाड भागात उभा छेद घ्यावा लागतो. उभ्या छेदाने बाळाला पुरेशी जागा मिळते, हा त्याचा मोठा फायदा. किंमत आई मोजते: रक्तस्राव जास्त, आणि पुढच्या गरोदरपणात व्रण उसवण्याची भीती. खालच्या आडव्या छेदानंतर कळा आल्या तर व्रण उसवण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी असतं; उभ्या छेदानंतर ते साधारण चार ते नऊपर्यंत जातं. म्हणून उभा छेद झालेल्या बाईला पुढच्या वेळी कळा येऊ देत नाहीत, ३६-३७ आठवड्यांना ठरवून सिझर करतात.

आणि पोटावरचा टाका बघून हे कळत नाही! कातडीवर बिकिनी लाइनला छानसा आडवा व्रण असतो आणि आत पिशवीवर उभा छेद असू शकतो. तीन-चार वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसलेल्या बाईला ‘मागचं सिझर कसं झालं होतं’ विचारलं की ती पोटावरचा टाका दाखवते. तेव्हा ऑपरेशनआधी विचारा, ‘छेद कसा घ्याल असा अंदाज आहे?’ नंतर विचारा, ‘कसा घेतला?’ आणि डिस्चार्ज कार्डावर पिशवीवरच्या छेदाचा प्रकार लिहून घ्या. ऑपरेशनच्या नोंदीची प्रतही मागा. ती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे, हे मी डॉक्टर म्हणून सांगते.

ऑपरेशन थिएटरमधल्या बाकीच्या गोष्टी भराभर. भूल शक्यतो मणक्यातून देतात, तुम्ही जाग्या राहता आणि बाळ गुंगीत येत नाही. पण बीपीच्या आजारात प्लेटलेट्स फार घसरल्या तर पूर्ण भूल द्यावी लागते. काही डॉक्टर फार लहान बाळाला पाणमोट न फोडता, तिच्यासकट बाहेर काढतात, म्हणजे पाण्याची गादी त्याला सांभाळते. नेहमी जमतंच असं नाही, न जमल्यास वाईट वाटून घेऊ नका. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच न कापता निदान ६० सेकंद थांबणं मात्र आग्रहाने बोलून ठेवा. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एकत्रित अभ्यासात अकाली बाळांचे मृत्यू याने कमी झालेले दिसले. बाळाला तातडीने श्वास द्यावा लागला किंवा तुम्हाला फार रक्तस्राव होत असेल तर ते राहून जाईल, तो निर्णय त्या क्षणी त्यांचा. बाळाला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं दिसलं तर बाहेरच्या मंडळींनी आरडाओरडा करू नये: ३२ आठवड्यांच्या आतलं बाळ गार पडू नये म्हणून तसंच करतात.

सिझरनंतरचा त्रास खरा असतो, तो कुणी गोड करून सांगू नये. टाके दुखत असताना एनआयसीयूपर्यंत चालत जायचं, बाळ जवळ नसताना दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं. ते पहिल्या काही तासांतच सुरू करा, चमचाभर निघालं तरी. तुमचं दूध पुरेसं येईपर्यंत दूधपेढीचं दूध मिळतं का विचारा. आशियातली पहिली दूधपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ साली सुरू केली, आणि आता राज्यात इतर ठिकाणीही आहेत. डॉक्टर परवानगी देतील त्या क्षणापासून बाळाला उघड्या छातीशी धरा. तुम्ही उठू शकत नसाल तेव्हा हे काम यजमानांचं, किंवा तुमच्या आईंचं. सव्वा महिना बाळंतिणीने खोलीबाहेर पडायचं नाही, हा नियम यावेळी गुंडाळून ठेवा. घरी जाण्याआधी डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख घ्या. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळांची ती जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, फार लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच, आणि घरी सगळं छान चाललंय म्हणून ती नेमकी राहून जाते.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. खालचा आडवा छेद झाला तर पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येतो, तयारीच्या हॉस्पिटलमध्ये. उभा झाला तर नाही. दोन्हीतही मध्ये पुरेसं अंतर ठेवा, आणि पुढच्या वेळी सुरुवातीच्या सोनोग्राफीत वार जुन्या व्रणावर तर बसली नाही ना, हे मुद्दाम बघायला सांगा. दिवस गेल्याचं कळताच, तिसरा महिना संपायची वाट न बघता, हे डिस्चार्ज कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. या वेळचा बीपीचा आणि बाळाच्या वजनाचा इतिहास पाहून ते सोळाव्या आठवड्याच्या आत कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतील; उशिरा गेलात तर तिचा फारसा उपयोग उरत नाही.